दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर: फॉरमॅट मारण्याआधी वेळ लिहून ठेवा

"सकाळी एकदम मस्त चालतो दादा. दुपारले मात्र बंद पडी जास." मार्च लागला की हे वाक्य माझ्या दुकानात रोज ऐकू येतं. माणूस पारोळ्याचा असो, धरणगावचा असो की अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला, मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर सीपीयू असतो. (कॅबिनेटला आपल्याकडे सीपीयूच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.) आल्या-आल्या मागणी असते फॉरमॅट मारून देण्याची. बहुतेक वेळा तो आधीच दोनदा मारलेला असतो, कधी रॅमही बदललेली असते. चार-आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

फॉरमॅटने हा आजार जात नाही, कारण तो विंडोजमध्ये क्वचितच असतो. मला हे एका मशीनने शिकवलं.

एक ताई गावात सेवा केंद्र चालवतात. सातबारा, दाखले, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स, सगळं एका कॉम्प्युटरवर. जागा म्हणजे धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या जुन्या घराला लागून काढलेली पत्र्याची खोली. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी त्यांचं मशीन माझ्याकडे आलं. मी दोन दिवस चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. परत दिलं, तिसऱ्या दिवशी फोन. दुसऱ्यांदा मी रॅम बदलली, पुन्हा दोन दिवस चालवून पाहिलं, पुन्हा परत दिलं. तिसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे तो कधीच बंद पडत नाही, आमच्याकडेच पडतो. मग दोष त्याच्यात कसा असेल?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्या दुकानात स्लॅबची सावली, समोर कुलर, टेबलाला स्टॅबिलायझर. तिथे ते मशीन बंद पडायला काही कारणच नव्हतं. बदललेल्या रॅमचे पैसे मी परत केले, एक शंभर पानी वही घेतली आणि त्यांच्या गावी गेलो.

वहीत काय लिहायचं

मशीन बंद पडलं की लगेच चार गोष्टी टिपायच्या: तारीख आणि घड्याळातली वेळ, त्या क्षणी काय चालू होतं (प्रिंट, स्कॅन, व्हिडिओ, काहीच नाही), खोलीतला दिवा किंवा पंखा मंद झाला का, आणि पुन्हा बटण दाबल्यावर काय झालं.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त बोलते. लगेच सुरू होऊन तासन्‌तास नीट चाललं, तर संशय विजेवर. सुरू होऊन दोन-चार मिनिटांत पुन्हा गेलं, आणि अर्धा तास थांबल्यावर मात्र नीट चाललं, तर संशय उष्णतेवर. निळा पडदा (विंडोज अडकल्यावर निळ्या स्क्रीनवर येणारा एररचा संदेश) आला असेल, तर संशय रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्कवर. आणि चित्र जागच्या जागी थिजलं, माउस हलत नाही पण पंखा फिरतोय, तर ते बंद पडणं नव्हे, हँग होणं. त्याचा तपास वेगळा आहे, इथे तो घेत नाही.

ताईंनी नऊ दिवस इमानदारीने लिहिलं. चौदा नोंदी झाल्या. त्या मांडून पाहिल्या तर तीन ढीग पडले: काही दुपारी एक ते चारच्या मधल्या, काही शेतीची थ्री फेज आली त्या वेळेच्या आणि तीन नोंदींपुढे "प्रिंट दिली" असं लिहिलेलं. एकाच मशीनला तीन वेगळे त्रास होते आणि आम्ही त्यांना एकच समजून औषध देत होतो.

कॉम्प्युटर स्वतःही वही ठेवतो. विंडोजचं बटण दाबून 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' उघडा. 'कर्नल-पॉवर' नावाची ४१ क्रमांकाची नोंद दिसेल. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट शट डाउन न होता गेलं. तिच्यात 'डिटेल्स' उघडून 'बगचेककोड' पाहा. तो ० असेल तर निळा पडदा आला नव्हता, वीज तुटली किंवा मशीन एकदम बंद पडलं. ० नसेल तर निळा पडदा येऊन गेला, तुम्ही तो पाहिला नाही एवढंच. ६००८ ही नोंदही अचानक बंद पडल्याचीच. १०७४ दिसली तर मात्र कुणीतरी, म्हणजे माणसाने किंवा विंडोज अपडेटने, रीतसर बंद केलं आहे. एका काकांचा "रोज बंद पडणारा" लॅपटॉप असा अपडेटमुळे रीस्टार्ट होत होता. लॅपटॉपवर क्वचित ८६ क्रमांकाची नोंद सापडते, ती थेट सांगते की उष्णतेमुळे बंद केलं. क्रमांकांचा कंटाळा येत असेल तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तिथे तारखांवर लाल फुल्या दिसतात, वहीशी ताडून पाहायला तेवढं पुरतं.

एक अडचण आधीच दूर करा. लाइट जाऊन आली की घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जात असेल, तर या नोंदींच्या वेळाही खोट्या पडतात, आणि वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणत उघडत नाहीत त्या वेगळ्याच. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. हे काम सगळ्यात आधी.

ऊन, आणि ऊन गेल्यावर कापूस

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून वर. हिटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हिवाळ्यात खोली २० अंशांवर असताना काम करताना प्रोसेसर ६५ दाखवत असेल, तर तो हवेपेक्षा ४५ अंश वर आहे. तेच मशीन, तेच काम, मेमध्ये खोली ४३ झाली की प्रोसेसर ८८ च्या आसपास. मशीन तेच आहे, वर जायला मोकळी जागा तेवढी संपली.

इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, रायझनच्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून दुपारी मशीन हळू झालं तर ते पहिलं लक्षण समजा. थेट बंद पडायची वेळ आली, तर त्याचा अर्थ पंखा थांबला आहे, हिटसिंक सैल झाला आहे किंवा पूर्ण चोंदला आहे. नाहीतर प्रोसेसर ठीक असून एसएमपीएस (सीपीयूतला वीज पुरवणारा डबा) तापून स्वतःला बंद करतोय. त्याचा पंखा मागून दिसतो, तो फिरतोय का आणि हवा बाहेर फेकतोय का, हे हाताला कळतं.

आकडा पाहायला 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' हे फुकट प्रोग्रॅम पुरे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, तिथे शोधत बसू नका. सकाळी नऊला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, तेच काम चालू असताना आकडा वहीत लिहा.

आता सफाई. प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, सीपीयू ओट्यावर न्या. रंगाचा नवा, कोरडा एक इंची ब्रश घ्या. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरपाशी सीपीयू नेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. त्या हवेत पाणी असतं आणि दाबही फार. एसएमपीएस तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. बाहेरूनच ब्रश आणि ब्लोअर.

वरवर पुसून मात्र काही होत नाही. ताईंचं मशीन मे महिन्यात मी साफ केलं, प्रोसेसर आणि हिटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट बदलली, दुपारचं बंद पडणं थांबलं. डिसेंबरात पुन्हा फोन आला. ऊन नाही, काही नाही, आणि तरी बंद. गेलो तर खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला. भाव नाही म्हणून विकला नव्हता, आपल्याकडे घरोघरी असतो तसाच. वरून पाहिलं तर सीपीयू स्वच्छ होता. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि खाली हिटसिंकच्या पट्ट्यांवर तंतूंचा थर निघाला, गोधडीच्या तुकड्यासारखा सलग, चिमटीने उचलला गेला. धूळ पट्ट्यांवर बसते पण थोडी हवा जाऊ देते. कापसाचे तंतू एकमेकांत गुंततात आणि जाळीच विणतात, मग पंखा फिरत राहतो आणि हवा आत जातच नाही. त्यामुळे जिनिंगजवळ दुकान असेल किंवा घरात कापूस असेल, तर वेचणीच्या हंगामात महिन्यातून एकदा पंखा काढून बघाच.

याच जागी एक कळकळीची विनंती. ज्या खोलीत कापूस आहे तिथे कॉम्प्युटर, यूपीएस आणि सैल प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नका. एक ठिणगी पुरते. मशीनपेक्षा घर मोठं आहे. ताईंनी त्याच दिवशी टेबल धाब्याच्या घरात हलवलं, आणि जाड मातीच्या छपरामुळे पुढच्या उन्हाळ्याचा प्रश्नही बराच सुटला.

पेस्ट बदलताना जुनी पूर्ण पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड चालतं. नवी तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावून थंडावा वाढत नाही. इंटेलच्या कंपनीच्या पंख्याला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यांतली एक जरी नीट बसली नाही तरी हिटसिंक एका बाजूने अधांतरी राहतो. बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहा, चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एएमडीच्या एएम ४ बोर्डावर वेगळा धोका. जुनी पेस्ट घट्ट झालेली असते, पंखा सरळ ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून त्याला चिकटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, प्लग काढून, पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. हे हात बसल्याशिवाय करू नये असं माझं मत आहे.

कुलरबद्दलही बोलायला हवं, कारण उन्हाळ्यात तोच कॉम्प्युटरसमोर मांडलेला असतो. कुलरची हवा थंड असते आणि ओलीही. पाणी बोअरचं असेल तर बारीक थेंबांबरोबर क्षार येतात, बोर्डावर पांढरी पूड बसते, स्क्रू गंजतात. कुलर खोलीत असू द्या, पण झोत सीपीयूवर नको, आणि खोलीची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर ओलावा कोंडतो. सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर सोडा, जमिनीवरून उचला. झाकायचं कापड मशीन बंद केल्यावरच घाला.

साफसफाईनंतरही दुपारी आकडा ९० च्या आसपास राहत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये सध्याच्या प्लॅनची प्रगत सेटिंग उघडून 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ केलं की प्रोसेसरचा टर्बो वेग बंद होतो आणि उष्णता चांगलीच उतरते. फॉर्म भरायला, टायपिंगला फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.

थ्री फेज आली आणि कॉम्प्युटर गेला

ताईंच्या वहीतला दुसरा ढीग मला आधी कळलाच नाही. काही दिवस सकाळी, काही दिवस रात्री, एकदा तर पहाटे चालू राहिलेलं मशीन बंद. त्यांच्या सासऱ्यांनी, आबांनी, वही पाहिली आणि म्हणाले, "अरे, या तर थ्री फेजच्या वेळा." आठवड्यातले काही दिवस शेतीची लाइट दिवसा, काही दिवस रात्री. ती आली की ऑटो स्टार्टर लावलेल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी जवळजवळ एकाच क्षणी उचलतात, आणि उचलताना मोटर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. गाव आणि शिवार एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असेल तर तेवढे काही क्षण २३० चे १७० व्होल्ट होतात. दिवा नुसता मंद होतो. साधा एसएमपीएस, ज्यावर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो मात्र सोडून देतो.

इथे यूपीएसने सांभाळायला हवं. एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या जोरावर तग धरतो, आणि चांगला यूपीएस १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो. गणित जुळतं, पण बॅटरी जिवंत असेल तर. ताईंच्या यूपीएसवर हिरवा दिवा होता, म्हणून मी तो तपासलाच नव्हता. तपासायची रीत सोपी आहे. कॉम्प्युटर बंद करून काढा, यूपीएसला जुना ६० वॅटचा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. नवी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी वीस मिनिटं तरी सहज ओढते. ताईंची दीड मिनिटात बसली.

या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबाने सांगितलेलं असतं. त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत यूपीएस टेबलाखाली कोंडला असेल तर दोन वर्षांत बॅटरी बदलायची तयारी ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' बाजूला हवं. 'नॉर्मल'ला तो बदल करायला जास्त वेळ घेतो आणि कमी व्होल्टेजही तसंच पुढे जाऊ देतो.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग तुटलं आहे. एसएमपीएसमधून थोडी गळती पत्र्यावर येतेच, ती जमिनीत जायला वाट हवी. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि ती वाट बंद होते. खड्ड्यात पाणी घालत राहा, आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असतील तर दुरुस्ती आधी. बोर्ड उघडून स्वतः मोजायला जाऊ नका.

प्रिंट दिली की बंद

तिसरा ढीग पाच मिनिटांत सुटला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला होता. कागदावर शाई वितळवणारा फ्युजर तापताना काही क्षण कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस पेलतो जेमतेम ३६० वॅट. यूपीएस जीव वाचवायला सगळंच बंद करतो, कॉम्प्युटरसकट. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन थेट भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर, यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि राउटर.

रॅम, फॉरमॅट, नवं मशीन

निळा पडदा येत नसेल तर रॅमला हात लावू नका. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, रात्री लावून ठेवा. दोष निघाला तरच बदला, तीही आधी काढून, टोकं स्वच्छ करून, दुसऱ्या खाचेत लावून पाहिल्यावर. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात संशयावरून रॅम विकत घ्यायला लावणं मला चुकीचं वाटतं.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे "११ टाकलं की सगळं नीट होईल" असं सांगून फॉरमॅट मारणं सुरू आहे. ११ कडे जाणं सुरक्षेसाठी योग्यच आहे, मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं काही असेल तर जरूर जा. पण चोंदलेला हिटसिंक त्याने उघडत नाही.

ताईंचं मशीन त्यानंतर दोन उन्हाळे आणि एक वेचणी पार करून चालू आहे. नवीन लागलं ते एवढंच: यूपीएसची बॅटरी, एक सेल आणि थोडी पेस्ट. वही अजून टेबलाच्या खणात असते.

दुरुस्तीला येताना एकटा सीपीयू आणू नका. यूपीएस, त्याची वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड सोबत आणा, खोलीचा एक फोटो काढून आणा, आणि निदान आठवडाभराच्या वेळा लिहून आणा. कागद नसेल तर कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहिल्या तरी चालतील, दुधाचा हिशोब लिहितो तशा.